पित्ताची गोळी आणि रक्ताचा रिपोर्ट

‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे ओपीडीत विचारले, की रुग्ण बीपीची गोळी सांगतो, साखरेची सांगतो. सकाळी उपाशीपोटी घेतलेली पित्ताची गोळी मात्र बहुतेक वेळा सांगायची राहते. ते काही औषध नव्हे, असेच त्याला वाटत असते. ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, घरात दोघे-तिघे घेतात आणि दुसऱ्या गोळ्यांबरोबर ‘पोटाला त्रास नको म्हणून’ डॉक्टरही लिहून देतात. एरवी या विसरण्याने फारसे बिघडत नाही. पण प्लेटलेट्स अचानक घसरल्याचा रिपोर्ट हातात पडला, तर तीच गोळी कळीची ठरू शकते.

जठरातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची दोन मोठी घराणी आहेत. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘टिडीन’ येते, ती रॅनिटिडीन, फॅमोटिडीन ही जुनी. ‘प्राझोल’ येते, ती ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल ही नंतरची आणि अधिक जोरकस. दोन्हींमुळे क्वचित रक्तातील पेशी कमी होऊ शकतात. क्वचित म्हणजे किती? ओमेप्राझोलच्या युरोपातील अधिकृत माहितीपत्रकात प्लेटलेट्स कमी होणे ‘दुर्मीळ’ गटात आहे. या शब्दाचा तिथला ठरलेला अर्थ १० हजार जणांत १ ते १० असा आहे. एका माणसापुरता हा धोका नगण्यच. पण ज्या गोळ्या लाखो लोक रोज घेतात, त्यांच्या बाबतीत नगण्य धोकाही कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला येतोच.

यामागे बहुधा शरीराची गैरसमजूत असते. औषधाचा रेणू प्लेटलेटच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि आपल्याच पेशीचा चेहरा थोडा बदलतो. प्रतिकारशक्ती तिला परकी समजते, तिच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि त्या पेशी नष्ट होऊ लागतात. ही तयारी व्हायला वेळ लागतो, म्हणून गोळी सुरू केल्यावर साधारण पाच ते दहा दिवसांनी घसरण दिसते. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. अशा वेळी त्या २० हजारांच्याही खाली जाऊ शकतात. नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, कुठे आपटल्याचे आठवत नसताना काळेनिळे डाग दिसतात, पाळीत रक्तस्राव वाढतो.

पावसाळ्यात आपल्याकडे प्लेटलेट्स कमी म्हटले, की डेंग्यू हेच पहिले नाव तोंडी येते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. अडचण पुढे येते. डेंग्यूत ताप उतरल्यावर काही दिवसांत आकडा वर चढू लागतो. तो चढत नसेल, किंवा चढून पुन्हा कोसळत असेल, तर डेंग्यूशिवाय आणखी काही आहे का, हे पाहावे लागते. दाखल झालेल्या रुग्णाला सलाइनबरोबर पित्ताचे इंजेक्शन जवळजवळ रिवाज म्हणून दिले जाते. संशय आधी संसर्गावर जातो, मग अँटिबायोटिकवर, हेपॅरिनवर. ते योग्यच आहे, कारण त्यांची शक्यता जास्त असते. पण यादीत शेवटी का होईना, त्या इंजेक्शनचे नाव असले पाहिजे. प्रतिपिंडे शोधण्याची चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते. म्हणून संशयित औषध थांबवायचे आणि आकडा पाहायचा, हाच व्यवहारातला मार्ग. दोषी औषध सुटले, की बहुधा आठवडाभरात प्लेटलेट्स सावरतात.

पांढऱ्या पेशींची गोष्ट याहून जुनी आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स ब्लॅक आणि त्यांचे सहकारी इंग्लंडमध्ये आम्ल रोखणारे औषध शोधत होते. मेटियामाइड नावाचे औषध हाती आले, अल्सरवर ते चालतही होते. पण चाचण्यांत काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या. रेणूतील गंधकयुक्त भागावर संशय आला, तो बदलला गेला आणि १९७६मध्ये सिमेटिडीन बाजारात आले. ब्लॅक यांना १९८८मध्ये नोबेल मिळाले. म्हणजे या औषधांचा जन्मच रक्तावरील दुष्परिणामातून वाट काढत झाला. आजच्या गोळ्यांत हा धोका फारच विरळ, पण शून्य नाही. नवी गोळी सुरू असताना थंडी वाजून ताप, घसा प्रचंड दुखणे आणि तोंडात फोड असे एकत्र आले, तर त्याच दिवशी सीबीसी करून घ्यावी.

हे झाले अचानक घडणारे. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांत रक्त दुसऱ्या, संथ वाटेनेही खालावते. अन्नातील बी-१२ प्रथिनांपासून सुटे व्हायला आम्ल लागते, पालेभाज्या-कडधान्यांतील लोह शोषले जायलाही लागते. शाकाहारी माणसाकडे बी-१२ची शिल्लक आधीच बेताची. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन असेल तर तेही बी-१२ कमी करते. मग थकवा, पायांना मुंग्या, लालबुंद जीभ. आणि ‘वयोमानाने होते’ म्हणून सगळे सोडून दिले जाते. दोन-तीन वर्षे रोज ‘प्राझोल’ चालू असलेल्यांनी हिमोग्लोबिन आणि बी-१२ एकदा तपासून घ्यायला हरकत नाही.

हे वाचून कोणी परस्पर गोळी बंद करू नये. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन घेणारे, कधीतरी अल्सरमधून रक्त गेलेले, यांच्या पोटातील रक्तस्राव हीच गोळी रोखून धरते. बऱ्याच काळाची गोळी एकदम सोडली, तर आम्ल उसळून जळजळ पूर्वीपेक्षा वाढते, ते वेगळेच. ठिपके किंवा रक्तस्राव दिसला तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आणि एकदा एखाद्या गोळीने प्लेटलेट्स पाडल्याचे ठरले, की ती त्या माणसाला जन्मभर वर्ज्य. प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात. पुन्हा तेच औषध पोटात गेले, तर दहा दिवस लागत नाहीत, काही तासांत आकडा कोसळू शकतो. म्हणून केसपेपरवर ते नाव लाल शाईने लिहून घ्यावे. ब्रँडचे नाही, औषधाचे. कारण पॅन्टोप्राझोल एकच असले तरी ते अनेक नावांनी विकले जाते, कधी उलटीच्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये. पट्टीवर ते ब्रँडच्या नावाजवळ छापलेले असते.