आमच्या दिवाणखान्यातली ॲमेझॉन

सेवानिवृत्त माणसाची घरात काय किंमत असते, हे वाचकांना मी सांगायला नको. कचेरीत तीस वर्षे हुकूम सोडलेला गृहस्थ घरी बसला, की पहिल्या आठवड्यात भाजी चुकीची आणतो, दुसऱ्यात फडताळ आवरायला घेतो, आणि तिसऱ्यात 'यांना एखादा छंद लावून द्या' असे घरातल्या मंडळींचे एकमत होते. माझ्या वाट्याला मासे आले.

झाले असे, की २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या नऊ वर्षांच्या नातीने एका दुकानात डिस्कस पाहिले आणि ती तिथून हलेना. ताटलीसारखा गोल, चपटा, वीतभर मासा. अंगावर निळ्या-तांबूस नागमोडी रेघा आणि गुंजेसारखे लाल डोळे. घरी आणल्यावर आमच्या हिने पाहताक्षणी निकाल दिला, "अहो, हे तर रंगवलेलं पापलेट!"

हे पापलेट मात्र फार लांबचे. मूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. व्हिएन्नाच्या योहान याकोब हेकेल या शास्त्रज्ञाने १८४० साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तिथल्या रिओ नेग्रोचे, म्हणजे 'काळ्या नदी'चे पाणी कुजलेल्या पालापाचोळ्यामुळे कोऱ्या चहासारखे दिसते. अशा पाण्यात, बुडालेल्या फांद्यांच्या सावलीत डिस्कस राहतो. तिथे पाण्याखाली हिरवळ अशी फारशी नसतेच. हिरवळ हवी असते ती आपल्याला!

आणि अडचण तिथेच येते. डिस्कसला २८ ते ३० अंश सेल्सिअस इतके कोमट पाणी लागते आणि पुष्कळशा पाणवनस्पती तेवढ्या उष्णतेत मान टाकतात. म्हणून ऊब सोसणाऱ्याच निवडाव्या लागतात. आम्ही चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकी घेतली. तळाला बारीक वाळू, मागे ॲमेझॉन सोर्डची रुंद पाने, मध्ये एक ओंडका. त्यावर जावा फर्न आणि अनुबियस दोऱ्याने बांधले. कारण त्यांचा जाड देठ वाळूत पुरला, तर कुजतो. दिवा मंदच ठेवला, कारण झगझगीत उजेडात हा मासा बुजतो.

आम्ही पार्ल्याचे. नळाला तानसा, वैतरणा, भातसाचे पावसाळी पाणी येते. ते मऊ असल्यामुळे डिस्कसला मानवते. फक्त त्यातले क्लोरीन घालवायला हवे. त्यासाठी पाणी दिवसभर उघड्या पिंपात ठेवावे, किंवा फोटोवाले वापरत असत त्या हायपोचे द्रावण बेताने घालावे. महिना-दीड महिना रिकामी टाकी चालवून मग आम्ही सहा मासे सोडले. चार महिन्यांत ते नातीच्या हातून खायला लागले.

मग दिवाळी आली.

आमच्या घरी दिवाळीची साफसफाई म्हणजे युद्धच. हिने डबे काढले, सुनेने पडदे उतरवले. आपणही मागे राहू नये म्हणून मी फिल्टर उघडला. आतला स्पंज चिखलासारखा तपकिरी झालेला! मी तो नळाखाली खळखळून धुतला, गॅलरीत कडक उन्हात वाळवला आणि नव्यासारखा पिवळाधमक करून परत बसवला. टाकीचे पाणी आरशासारखे चमकत होते. सगळ्यांना बोलावून मी ते दाखवलेसुद्धा.

वसुबारसेला मासे काळवंडून कोपऱ्यात उभे राहिले. धनत्रयोदशीला त्यांची कल्ल्यांची उघडझाप भराभर होऊ लागली. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून येऊन पाहतो, तो दोन मासे आडवे. लक्ष्मीपूजनापर्यंत पाच गेले.

मासेवाल्याला फोन केला. त्याने एकच प्रश्न विचारला, "काका, स्पंज नळाखाली धुतलात का?"

माशांच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया उतरतो, आणि तो विषारी असतो. स्पंजातल्या त्या तपकिरी गाळात राहणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषच, पण दुसरे जिवाणू त्याचे पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. आणि नायट्रेट वनस्पती खत म्हणून शोषून घेतात. मी क्लोरीनच्या पाण्याने आणि उन्हाने ती सारी वस्ती मारून टाकली होती. चाचणीचे थेंब टाकताच पिवळे व्हायचे पाणी हिरवेगार झाले. दिसायला स्वच्छ असलेले पाणी विषारी होते.

वाईट गोष्ट पुढेच आहे. नात रडत आईला सांगत होती, "मी वसुबारसेला त्यांना दुप्पट खाणं घातलं. त्यांचीपण दिवाळी म्हणून. माझ्यामुळे गेले." मी हे दाराआडून ऐकले आणि गप्प बसलो. दोन दिवस गप्प बसलो. साठी उलटलेल्या माणसाने आपली चूक नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर राहू दिली.

भाऊबीजेच्या रात्री मला जेवण जाईना. तिला टाकीपाशी बसवले आणि सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत, आजोबा?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उरलेल्या एका माशासाठी आम्ही दोघे रोज निम्मे पाणी बदलू लागलो. मासेवाल्याने आपल्या जुन्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा दिला. विरजणाला कवडी घालावी तसा. नातीने वही केली. रोज तारीख, उष्णता, अमोनिया, नायट्राइट. दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकायला सहा आठवडे लागले. त्यानंतरच नवे पाच आणले. सगळे वाढलेले, कारण पिलांना दिवसातून चार-पाचदा खाणे आणि सतत ताजे पाणी लागते, ते झाडांच्या टाकीत नवख्याला झेपत नाही.

२०२४ साली त्यातल्या दोघांची जोडी जमली. दोनदा त्यांनी आपली अंडी आपणच खाल्ली. मग त्यांना रिकाम्या तळाच्या वेगळ्या टाकीत ठेवले, आणि तिथे पिले झाली. डिस्कसची पिले सुरुवातीला आईबापांच्या अंगावर सुटणारा बुळबुळीत स्राव खाऊन जगतात! टाचणीच्या टोकाएवढी पिले आईच्या कुशीला लगडलेली; ती दमली की अंगाला एक हिसका देते आणि सगळी फौज बापाकडे जाते. आमची ही पदर सावरून अर्धा तास पाहत उभी होती. पापलेटाचे नाव तिने पुन्हा काढले नाही.

वाचकहो, हौस असेल तर डिस्कस जरूर पाळा. पण आधी पाणी पाळायला शिका. मासे त्यात आपोआप राहतात. आता दिवाळीच्या आवराआवरीत आमचा फिल्टर नातीच्या ताब्यात असतो. टाकीतलेच पाणी बादलीत काढून ती त्यात स्पंज दोनदा हलक्या हाताने पिळते आणि तपकिरीच्या तपकिरी परत बसवते. वहीत नोंद करते आणि खाली माझी सही घेते.