जिभेखालची गोळी आणि खिशातली गोळी

मेडिकलच्या काउंटरवर काही औषधं नावानं मागितली जात नाहीत. गर्दी ओसरेपर्यंत माणूस बाजूला उभा राहतो, मग हळूच, "दादा, ती चारची स्ट्रिप द्या ना." दुकानदारालाही कळतं. कागदात गुंडाळलेली स्ट्रिप सरकते, पैसे सरकतात, आणि जो एक प्रश्न विचारायलाच हवा होता तो राहून जातो: काका, हृदयाची काही गोळी चालू आहे का?

मंचेरियल असो की चंद्रपूर, हा व्यवहार असाच चालतो. काझीपेठ–बल्लारशा रेल्वेमार्गावरचं तेलंगणातलं मंचेरियल म्हणजे सिंगरेणीच्या कोळशाचा पट्टा. प्राणहिता नदी ओलांडली की गडचिरोलीतलं सिरोंचा. तेलुगू, मराठी, हिंदी, उर्दू अशा चार भाषा इथे रस्त्यावर ऐकू येतात. गोळीच्या वेष्टनावरचा इशारा मात्र इंग्रजीत, तोही बारीक टायपात. हे औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावं, असं त्यात लिहिलेलं असतं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही 'शेड्यूल एच'मधली औषधं आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकणं कायद्यात बसत नाही, तरी सर्रास विकली जातात.

शोध हृदयाचा, उपयोग दुसराच

ताठरता न येण्यावरची ही गोळी मुळात हृदयासाठी शोधली जात होती. इंग्लंडमध्ये फायझर कंपनीचे शास्त्रज्ञ छातीत कळ येण्यावर औषध शोधत होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत सिल्डेनाफिलचा छातीदुखीवर फारसा उपयोग दिसला नाही, पण स्वयंसेवकांनी वेगळाच परिणाम सांगितला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत 'व्हायग्रा'ला मान्यता मिळाली. पुढे भारतीय कंपन्यांनी तेच औषध स्वस्तात बनवलं आणि ते गावोगावच्या मेडिकलमध्ये पोचलं.

ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. उत्तेजना आली की लिंगातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यातून सी-जीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. पीडीई-५ नावाचं विकर हा पदार्थ मोडत असतो, आणि गोळी त्या विकराला अडवते. उत्तेजनाच नसेल तर गोळी घेऊन काही होत नाही.

धोकाही इथेच आहे. हृदयरुग्णाच्या खिशात असणारी सॉर्बिट्रेट, म्हणजे जिभेखाली ठेवायची गोळी, नायट्रेट गटातली. तीही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेनं रक्तवाहिन्या सैलावते. एकीकडे नळ पूर्ण सोडायचा आणि दुसरीकडे मोरीला बोळा घालायचा, तसा हा प्रकार होतो. सी-जीएमपी साचत जातं, रक्तदाब धाडकन कोसळतो, माणूस बेशुद्ध पडतो आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून नायट्रेट घेणाऱ्यानं या गटातली गोळी अजिबात घ्यायची नाही. 'अर्धीच घेतो', 'कधीतरीच घेतो' हे इथे चालत नाही. निकोरँडिल हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांनाही तोच नियम.

नागपूरची घटना

मार्च २०२३ मध्ये नागपूरच्या एका घटनेची बातमी देशभर झाली. न्यायवैद्यक नियतकालिकात डॉक्टरांनी तिची नोंद केली होती. ४१ वर्षांच्या एका माणसानं दारूबरोबर सिल्डेनाफिलच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घेतल्या. सकाळी अस्वस्थ वाटलं, उलटी झाली. सोबत असलेल्या मैत्रिणीनं दवाखान्यात चल म्हटलं, त्यानं ते मनावर घेतलं नाही. मृत्यूनंतरच्या तपासणीत मेंदूत रक्तस्राव आढळला. हृदयाच्या भिंती जाड झालेल्या होत्या, म्हणजे रक्तदाब बहुधा आधीपासूनचा होता. असं फार क्वचित घडतं, हे डॉक्टरांनीही नोंदवलं. या मृत्यूचं खापर एकट्या गोळीवर फोडता येत नाही. न तपासलेला रक्तदाब, दारू, मनानं घेतलेला डोस आणि दवाखान्यात जायची टाळाटाळ असं सगळं एका रात्रीत जमून आलं होतं.

डॉक्टरांपासून काय लपवायचं नाही

हृदयाच्या औषधांखेरीज प्रोस्टेटवरची टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर ते सांगायलाच हवं. दोन्हींनी रक्तदाब उतरतो, म्हणून डॉक्टर कमी डोसपासून सुरुवात करतात. गजकर्णासाठी हल्ली सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल, तर सिल्डेनाफिल शरीरात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं. यकृत किंवा किडनीचा आजार, नुकताच आलेला झटका किंवा पक्षाघात, डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक विकार, हेही डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही' या चूर्णांची गोष्ट तर आणखी अवघड. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या जाहिराती १९५४च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानं बंद आहेत, तरी रेल्वेमार्गालगतच्या भिंती त्यांनीच रंगलेल्या असतात. अशा 'नैसर्गिक' उत्पादनांत न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं पुन्हा पुन्हा उघड केलं आहे. सॉर्बिट्रेट चालू आहे म्हणून ज्यानं इंग्रजी गोळी टाळली आणि भरवशानं चूर्ण घेतलं, त्याच्या पोटात तीच गोळी जाते, आणि ती किती गेली हे कोणालाच माहीत नसतं.

घ्यायची कशी

सिल्डेनाफिलचा नेहमीचा सुरुवातीचा डोस ५० मिलिग्रॅम. ६५च्या पुढच्यांना किंवा यकृत-किडनीचा त्रास असणाऱ्यांना तो बहुधा २५ असतो. संबंधाच्या साधारण तासभर आधी आणि २४ तासांत एकदाच घ्यायची. मटणाचं जड जेवण झालं असेल तर परिणाम उशिरा येतो, आणि 'लागू पडत नाही' म्हणून दुसरी गोळी घेतली जाते ती इथेच. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. पहिल्याच वेळी फरक पडला नाही म्हणून औषध निकामी ठरत नाही. योग्य डोसमध्ये काही वेळा घेऊन पाहावं लागतं. डोस वाढवायचा तो मात्र डॉक्टरांनी.

डोकेदुखी, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, जळजळ हे नेहमीचे त्रास. थोडा वेळ सगळं निळसर दिसू शकतं. पण अचानक दिसेनासं किंवा ऐकू येईनासं झालं, किंवा ताठरता ४ तासांहून जास्त टिकली, तर लाज बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

छातीत कळ आली तर १०८ला फोन करायचा आणि येणाऱ्याला पहिलं वाक्य सांगायचं: अमुक गोळी अमुक वाजता घेतली आहे. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट देत नाहीत. डॉक्टरांकडे दुसरे उपाय असतात. म्हणूनच ही गोळी बायकोला माहीत असायला हवी. नाहीतर घाबरलेली तीच शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट नवऱ्याच्या जिभेखाली ठेवेल.

तक्रार म्हणजे इशारा

लिंगातल्या रक्तवाहिन्या जेमतेम १ ते २ मिलिमीटर रुंद, हृदयाच्या ३ ते ४. चरबीचा थर साचू लागला की अडचण आधी बारीक वाहिनीत दिसते. त्यामुळे अनेकांत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी सुरू होते. मधुमेह, रक्तदाब, बिडी-तंबाखू यांचीही ती पहिली खूण असू शकते. रक्तदाबाच्या किंवा नैराश्यावरच्या औषधानं असं होत असेल, तर औषध बदलून प्रश्न सुटू शकतो. तेही डॉक्टरांनीच बदलायचं. कधी कारण ताणतणावाचं असतं आणि गोळीपेक्षा समुपदेशन कामी येतं.

साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि गरज पडल्यास ईसीजी. जिल्हा रुग्णालयात होण्यासारख्याच या तपासण्या आहेत. खास गुप्तरोगतज्ज्ञ शोधत बसायचं कारण नाही, नेहमीच्या फिजिशियनला "डॉक्टर, ताठरता येत नाही" एवढं सरळ सांगितलं तरी पुरतं. काउंटरवरून गुपचूप घेतलेली स्ट्रिप हा इशारा दाबून टाकते. रात्र निभावते, पण वाहिनीतला थर वाढतच राहतो. तीच तक्रार घेऊन डॉक्टरांसमोर बसणाऱ्याला गोळी तर मिळतेच, शिवाय वाढलेली साखर किंवा अरुंद होत चाललेली वाहिनी झटका येण्याआधी हाती लागण्याची संधीही मिळते.