पत्रा बदला, पण नंबर जपा

बचत गटाच्या कार्यक्रमात आज गाडीचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. आपल्याकडे कर्ज मागितलं जातं ते शेळ्यांसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर पिठाच्या गिरणीसाठी. पण आता जुनी जीप, जुना टेम्पो घ्यायचाय म्हणूनही अर्ज येतात. आमच्याकडे तर गेल्या वर्षी गंजलेली फियाट दुरुस्त करायला कर्ज द्या, असा अर्ज आला. त्या एका अर्जापायी आम्हाला जे शिकावं लागलं, ते आज तुम्हाला सांगणार आहोत.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासऱ्यांची ही गाडी, 1971 सालची. त्या काळी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनत. पुढे याच घराण्यातली पद्मिनी आली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांच्या ओळखीची झाली. सासरे वारले तेव्हापासून गाडी गोठ्यालगतच्या पडवीत अठरा वर्षं उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. ताईंच्या मुलाने ठरवलं, गाडी रंगवून चकचकीत करायची आणि लग्नात नवरा-नवरीसाठी भाड्याने द्यायची. त्यासाठी ताईंनी गटाकडे 60,000 रुपये मागितले.

आपला नियम आहे, वस्तू पाहिल्याशिवाय कर्ज नाही. म्हणून आम्ही तिघी गॅरेजवर गेलो. बॉनेट उघडलं होतं. इंजिनामागच्या आडव्या पत्र्याला गंजून भोकं पडली होती. मिस्त्रींनी त्यावर खडूने चौकोन आखला होता, तेवढा पत्रा कापून नवा जोडायचा म्हणून. त्या चौकोनातच गाडीचा नंबर ठोकलेला होता.

आम्ही विचारलं, "मग नंबरचं काय?"

मिस्त्री म्हणाले, "त्याची काळजी नको ताई. माझ्याकडे पंच आहेत. आरसी बुकातला नंबर नव्या पत्र्यावर ठोकून देतो. नंबर तोच, गाडी तीच, त्यात खोटं काय?"

बोलणं बरोबर वाटत होतं. पण आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "मग माझ्या म्हशीच्या कानातला बिल्ला तुटला तर मी घरीच दुसरा करून लावू का? विमावाला मानेल?"

मैत्रिणींनो, विषय एवढाच आहे. आपल्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर असतो. जनावर दगावलं तर आधी बिल्ला बघतात. बिल्ला नसला तर भरपाई अडते. गाडीचा चासी नंबर म्हणजे असाच बिल्ला, फक्त तो लोखंडात ठोकलेला. तो कारखान्यात मारतात. नंबरप्लेटवर असतो तो आरटीओने दिलेला नोंदणी नंबर. तो गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर बदलू शकतो. चासी नंबर मात्र गाडीच्या जन्मापासून शेवटपर्यंत एकच. इंजिनाचा नंबर तिसरा, तो इंजिनावर असतो. आरसी बुकात हे तिन्ही लिहिलेले असतात.

आजच्या गाड्यांचा चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. पहिल्या तीन अक्षरांवरून गाडी बनवणारी कंपनी कळते. भारतात बनलेल्या गाड्यांचा नंबर एम या अक्षराने सुरू होतो. आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं त्यात वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्य या आकड्यांसारखी दिसतात. म्हणजे सतरा अक्षरी नंबरात कुणी 'ओ' दाखवला, तर वाचण्यात तरी चूक आहे किंवा नंबरात तरी. जुन्या गाड्यांचे नंबर यापेक्षा लहान असायचे. 1971 च्या गाडीला सतरा अक्षरं नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही.

नंबर कुठे असतो, हेही कळायला हवं. जुन्या जीपला, ट्रकला खाली लोखंडी सांगाडा असतो, त्याला चासी म्हणतात. नंबर त्या सांगाड्यावर असतो. वरचा सगळा पत्रा बदलला तरी नंबर जागेवर राहतो. फियाटसारख्या गाडीला असा वेगळा सांगाडा नसतो. तिचा पत्राच तिचा सांगाडा. त्यामुळे नंबरही पत्र्यावरच असतो, आणि गंजलेला पत्रा कापायला गेलं की नंबर त्याच्याबरोबर भंगारात जातो. आमच्या ताईंच्या गाडीचं अगदी हेच होणार होतं.

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे वळू. नंबर तोच ठोकला तर खोटं काय? चोरीच्या गाड्या विकणारे काय करतात, ते बघा. भंगारात गेलेल्या गाडीची खरी कागदपत्रं घेतात आणि चोरलेल्या गाडीवरचा नंबर घासून कागदावरचा नंबर ठोकतात. आपल्या मिस्त्रींचं मन साफ होतं, पण तपासणाऱ्याला मन दिसत नाही. त्याला दिसतो नवा पत्रा, भोवतीचं वेल्डिंग आणि वाकडी अक्षरं. ही गाडी चोरीची नाही, हे मग आपल्याला सिद्ध करत बसावं लागतं. गाडी जप्त होऊ शकते, मालकावर आणि मिस्त्रीवर फसवणुकीचा गुन्हाही दाखल होऊ शकतो. अपघात झाला तर विम्याचा माणूस आधी हाच नंबर बघतो.

आणि घासून टाकलेला नंबर कायमचा जातो, असंही नाही. पंच मारताना अक्षराखालचं लोखंड खोलवर दाबलं जातं. वरून घासून सपाट केलं तरी खालचं दाबलेलं लोखंड वेगळंच राहतं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यावर आम्ल लावलं की जुनी अक्षरं पुष्कळदा पुन्हा उमटतात. लोखंड खूप खोल घासलेलं नसेल तर लबाडी उघडी पडते.

मग नंबरच गंजला असेल तर काय करायचं? आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिलं काम म्हणजे काहीही कापण्याआधी फोटो काढा. एक नंबराचा जवळून आणि एक लांबून, ज्यात नंबर गाडीच्या कोणत्या भागावर आहे ते दिसेल. कारखान्याची रिव्हेटने बसवलेली पाटी असेल तर तिचाही फोटो घ्या. ती पाटी काढू नका, रंगवायलाही देऊ नका.

दुसरं, गंज हळू काढा. नंबराच्या जागी ग्राइंडर लावायचा नाही, सँडब्लास्टिंग करायचं नाही, छिन्नी-हातोडा तर मुळीच नाही. अक्षरं खोल नसतात, ग्राइंडर एकदा फिरला की गेली. रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पितळी तारेच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने घासा. घाई न करता दोन-तीन वेळा हेच करा. हे करताना जवळ विडी-काडी, वेल्डिंग काही नको.

तिसरं, पेन्सिल प्रिंट घ्या. नंबरावर पातळ कागद ठेवायचा आणि शिसपेन्सिल आडवी धरून घासायची. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण छाप काढायचो, तसंच. डोळ्यांना न दिसणारं अक्षर कधी कधी कागदावर उमटतं. आरटीओच्या कामातही असा प्रिंट मागतात. दोन-तीन प्रिंट काढून ठेवा.

चौथं, त्या जागेवर पुट्टी भरू नका आणि रंगाचे जाड थर देऊ नका. पातळ प्राइमर आणि रंगाचा एक हात पुरे. अक्षर बोटाला लागलं पाहिजे.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं. अक्षरं वाचताच येत नसतील किंवा तो पत्रा बदलल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर काम थांबवा आणि आधी आरटीओत लेखी अर्ज द्या. गाडी आहे त्या अवस्थेत मोटार वाहन निरीक्षकांना दाखवा. नंबर पुन्हा मारायचा की नाही, कसा मारायचा, हे त्यांनी सांगायचं. त्यांचं पत्र आरसी बुकाबरोबर जपून ठेवा. जुना तुकडा कापावा लागलाच तर तोही फेकू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे, आरसी बुकातली माहिती आणि गाडी यांचा मेळ बसणार नाही असा बदल आपल्या मनाने करता येत नाही. दुसरं इंजिन बसवायचं असेल तरी आधी आरटीओला विचारावं लागतं.

आमच्या ताईंचं पुढे काय झालं? रॉकेल आणि ब्रशने दोन दिवसांत सगळा नंबर स्वच्छ वाचता आला, फक्त एक आकडा पुसट होता. तो पेन्सिल प्रिंटमध्ये उमटला. निरीक्षकांनी पाहिलं आणि नंबर आरसी बुकाशी जुळतो असं सांगितलं. नंबराभोवतीचा पत्रा शाबूत होता. मिस्त्रींनी खडूची रेघ पुसून चार बोटं खाली नवी आखली आणि नंबर न दुखवता खालचा भाग जोडला. तेही म्हणाले, "इतकी वर्षं काम करतोय, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं."

पण याच धावपळीत आणखी दोन गोष्टी बाहेर आल्या. गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर होती. मालक वारल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करायची असते. ते अठरा वर्षं राहून गेलं होतं. आपल्या घरात कुणाची मोटरसायकल, ट्रॅक्टर असा पडून असेल तर आजच बघा.

दुसरी गोष्ट भाड्याची. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी 2021 साली वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू झाली. तिचं शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण ती गाडी प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, धंद्याला वापरता येत नाही. म्हणजे ज्या कमाईच्या भरवशावर आम्ही कर्ज देणार होतो, ती कमाईच नव्हती.

बैठकीत बरीच चर्चा झाली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आम्हालाही वाईट वाटलं. शेवटी 60,000 चं कर्ज नामंजूर झालं. गाडी नावावर करायच्या खर्चापुरते 8,000 रुपये दिले, ते त्यांनी फेडलेही. मुलगा आता स्वतःच्या पगारातून थोडं थोडं काम करतो. गाडी अजून पूर्ण झालेली नाही, पण ती आता त्याच्या नावावर आहे.

तेव्हापासून गाडीसाठी अर्ज आला की आम्ही काही गोष्टी बघतोच. लोखंडावरचा चासी नंबर आणि आरसी बुकातला नंबर अक्षर अन् अक्षर जुळतो का? नंबराभोवती ताजा रंग, वेल्डिंगची शिवण किंवा खालीवर अक्षरं आहेत का? आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का? विकणारा हाच कागदावरचा मालक आहे का? गाडी परिवहनच्या संकेतस्थळावर दिसते का? तिथे बऱ्याच कामांना चासी नंबराची शेवटची पाच अक्षरं लागतात. फार जुनी गाडी तिथे दिसली नाही, तर नोंद आहे का ते आरटीओतच विचारायचं. हे सगळं झाल्यावर पेन्सिल प्रिंट काढून कर्जाच्या फाइलला लावतो.

आणि गाडी भंगारात द्यायची असेल, तर नुसती वजनावर देऊन मोकळ्या होऊ नका. आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर आपल्या सासऱ्यांच्या नावाची कागदपत्रं उद्या कुणाच्या चोरीच्या गाडीला लागतील, सांगता येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना घरातलं एक आरसी बुक घेऊन या आणि जमलं तर गाडीचा पेन्सिल प्रिंटही. सगळ्या मिळून जुळवून बघू. नमस्कार.