सत्तेचाळीस घोडे आणि आपली मळी



गळीत हंगामात वजनकाट्यापुढे ट्रॅक्टरांची रांग लागली, की गप्पांना ऊत येतो. अशाच एका रांगेत एका सभासदाचा मुलगा मित्राची नवी रेसिंगची मोटारसायकल घेऊन आला. पोरे भोवती जमली. कुणीतरी विचारले, "किती हॉर्सपॉवर?" तो म्हणाला, "सत्तेचाळीस." ट्रॅक्टरवर बसलेले एक आबा हसून म्हणाले, "आरं, माझ्या ट्रॅक्टरचंबी सत्तेचाळीसच हाय की! मग दोन ट्रॉल्या ओढंल का तुझी गाडी?"

प्रश्न थट्टेतला खरा, पण त्यात इंजिनाचे सारे शास्त्र आले. आणि या शास्त्राचा आपल्या उसाच्या पैशाशी संबंध आहे, म्हणून हा लेख.

जोर आणि फेरे

हॉर्सपॉवर म्हणजे पिळाचा जोर गुणिले फेरे. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेऱ्यांवर आपली ताकद देते. त्या मोटारसायकलचे इंजिन तेवढीच ताकद ९,४०० फेऱ्यांवर देते. फेरे साडेचार पटींहून जास्त, म्हणून एकेका फेऱ्यातला जोर तेवढाच कमी. ट्रॅक्टर सावकाश पण नेटाने ओढतो. मोटारसायकल हलकी, म्हणून उडते. घोडे तेवढेच, फक्त जुंपलेत निराळे.

ही गाडी परदेशची नव्हे

गंमत अशी, की त्या गाडीवर नाव इटलीचे असले, तरी ती जुळते आपल्या बारामतीत. पियाजिओ कंपनीच्या बारामतीच्या कारखान्यातून तीनचाकी आपे गाड्या अनेक वर्षे निघत आहेत. २०१२ पासून तेथे व्हेस्पा स्कूटर होऊ लागली. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारात आलेली अप्रिलिया आरएस ४५७ ही शर्यतीच्या वळणाची मोटारसायकलही येथेच तयार होते आणि परदेशी जाते.

हिचे इंजिन ४५७ सीसीचेच का? युरोपात नवशिक्या चालकांच्या एका परवान्यासाठी कायद्याने मर्यादा घातली आहे: ताकद ३५ किलोवॅटपर्यंत, म्हणजे सुमारे ४७ हॉर्सपॉवर, आणि वजनाच्या दर किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त नाही. या गाडीचे इंधनासह वजन १७५ किलो. १७५ ला ०.२ ने गुणून पाहा, बरोबर ३५ येतात! म्हणजे इंजिन हौसेने नव्हे, हिशेबाने ठरते. दोन पिस्टन शेजारी शेजारी, थंड करायला पाणी, सहा गिअर, आणि मागच्या चाकाला ताकद साखळीने, कारण साखळी हलकी आणि स्वस्त.

आपल्या भागात गाडी आणि ऊस यांचे नाते तसे जुने आहे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणारे शेठ वालचंद हिराचंद यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी काढली. पुढे तिची पद्मिनी गाडी घरोघरी माहीत झाली. तिचे इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, मध्ये लांब शाफ्ट. पुढे लहान मोटारींत पुढच्याच चाकांना ओढ देण्याची पद्धत रुळली. शाफ्ट गेला, वजन वाचले, आत जागा झाली. सांगायचे एवढेच, की गाडीची रचना कायमची नसते. गरज बदलली, की तीही बदलते.

पुढची गाडी काय पिणार?

आता प्रश्न पुढच्या पिढीच्या गाडीचा. बारामतीच्या त्याच कारखान्यात विजेवर चालणारी आपेही होते. रिक्षाला वीज परवडते: रोजचा फेरा ठरलेला, रात्री घरी येऊन चार्जिंग. शर्यतीच्या गाडीचे तसे नाही. किलोभर पेट्रोलमध्ये सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते, तर किलोभर बॅटरीत दीडशे-दोनशे. इंजिन त्यातला पाव हिस्साच चाकापर्यंत पोहोचवते, तरीही वजनाच्या मानाने पेट्रोल कितीतरी पुढे राहते. हलक्या आणि वेगवान गाडीला बॅटरीचे ओझे नको असते.

इथे आपली मळी कामाला येते. इथेनॉलचा गुण असा, की दाब जास्त दिला तरी इंजिन ठोके देत नाही. म्हणून ताकदवान इंजिनाला ते मानवते. अमेरिकेतील इंडीकार शर्यतीत २०२३ पासून वापरले जाणारे इंधन उसाच्या अवशेषांपासूनचे इथेनॉल आणि इतर जैवइंधने मिळून केलेले आहे. अवगुणही सांगितला पाहिजे. लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यामुळे २० टक्के मिश्रणावर जुन्या दुचाकीचे ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घटते, असा निती आयोगाच्या आराखड्यातला अंदाज आहे. चारचाकीचे सहा-सात टक्क्यांनी. शिवाय ते पाणी ओढते. म्हणून पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट ठेवावे, जुन्या गाडीचे रबरी पाइप तपासून घ्यावेत आणि पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडू देऊ नये.

२००३ साली देशात काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाने सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये १० टक्के गाठले आणि २०२५ मध्ये २० टक्के. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत टोयोटा इनोव्हाचा एक नमुना दाखवण्यात आला. तो इथेनॉल आणि वीज दोन्हींवर चालणारा. म्हणजे वीज की इथेनॉल हे भांडण कदाचित एकाच बॉनेटखाली मिटेल.

ब्राझीलचा धडा

पण गाडी बनवणारा इंधनाचे गुण पाहतो, तसा त्याचा भरवसाही पाहतो. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलची मोठी योजना काढली. १९७९ मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट १४७ आली. काही वर्षांत तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक नव्या गाड्या अल्कोहोलच्या झाल्या. मग साखरेला भाव आला, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ च्या सुमारास पंपावर अल्कोहोल मिळेना. लोकांनी त्या गाड्यांकडे पाठ फिरवली. विश्वास परत यायला २००३ साल उजाडले, तेही पेट्रोल आणि अल्कोहोल कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा.

आपल्याकडेही ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली, आठवड्याभरात ती थोडी सैल केली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी निर्बंध उठवले. एका हुकमाने डिस्टिलरीचे गणित कसे हलते, हे आपण सर्वांनी पाहिले. वर आता मक्यापासूनही मोठ्या प्रमाणावर इथेनॉल होऊ लागले आहे. मका बारमाही साठवता येतो, ऊस नाही.

म्हणून सभासदांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, नोंदलेला ऊस आपल्याच कारखान्याला द्यावा. डिस्टिलरीला बारा महिने मळी मिळाली तरच इथेनॉलचा पुरवठा नियमित राहतो. दुसरी, वार्षिक सर्वसाधारण सभेत साखरेच्या उताऱ्याबरोबर हेही विचारावे: इथेनॉल किती झाले, किती गेले, पैसे किती दिवसांत आले, आणि डिस्टिलरीच्या कर्जाचा हप्ता त्यातून सुटला का?

त्या आबांना उत्तर द्यायचे राहिलेच. आबा, ती गाडी तुमच्या ट्रॉल्या ओढणार नाही. पण तुमच्या ट्रॉलीतल्या उसाचे इथेनॉल तिच्या टाकीत गेले, तर ती तुमचाच ऊस पिऊन पळेल. तो भरवशाने तिच्यापर्यंत पोहोचवायचा की नाही, हे पुष्कळसे आपल्या हातात आहे.