हीलाच्या कड्यातली तुळई

न्यू मेक्सिकोतल्या सिल्व्हर सिटीहून निघालेला रस्ता सुमारे 70 किलोमीटरांवर संपतो. अंतर किरकोळ वाटतं, पण घाटाची वळणं दोन तास खातात. पुढे हीलाचं रान. ऑल्डो लिओपोल्ड यांच्या आग्रहामुळे अमेरिकेच्या वनखात्यानं 1924 साली ते राखून ठेवलं. रस्ते आणि मोटारींपासून असं जपलेलं जगातलं हे पहिलं रान.

ओढ्याकाठच्या पायवाटेनं पन्नासेक मीटर चढलं की कड्यातल्या गुहांची काळोखी तोंडं दिसू लागतात. आपली लेणी माणसांनी कोरली. या गुहा पाण्यानं झिजून झाल्या. मोगोयोन लोकांनी त्यांतल्या पाच गुहांत दगडमातीच्या भिंती उभारून सुमारे 40 खोल्या केल्या. दहा-पंधरा कुटुंबं राहत असावीत. मका, घेवडा, भोपळा ही त्यांची पिकं. छताला त्यांच्या चुलींची काजळी अजून आहे. मोगोयोन हे नाव अभ्यासकांनी नंतर दिलेलं.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती भिंतीतून डोकावणाऱ्या एका जुन्या तुळईपाशी. या जागेचं वय अशा तुळयांनीच सांगितलं. चांगल्या पावसाच्या वर्षी झाडाचं वलय रुंद होतं, दुष्काळात अरुंद. हा रुंद-अरुंद क्रम एका मुलखातल्या अनेक झाडांत सारखाच उमटतो. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी 1929 साली जिवंत झाडांपासून प्राचीन तुळयांपर्यंतची साखळी जुळवली. सालीलगतचं वलय शाबूत असेल, तर झाड तोडल्याचं नेमकं वर्ष कळतं. इथलं लाकूड 1276 ते 1287 या काळातलं. नेवाशात ज्ञानेश्वरी सिद्ध झाली 1290 साली. म्हणजे ही घरं तेव्हा नवीच होती.

1300 च्या सुमाराला ती रिकामी झाली. जेमतेम एक पिढी नांदली. उत्तरेच्या पठारावर त्याच काळात दीर्घ दुष्काळ होता, पण हे लोक नेमके कशामुळे निघाले याचा पुरावा नाही. त्यांना ‘गूढपणे नाहीशी झालेली जमात’ म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. होपी, झुनी यांसारखे प्युब्लो समाज आजही या लोकांशी आपलं नातं सांगतात. पुढे हाच मुलूख अपाचे लोकांचा झाला.

खरं नुकसान नंतरचं. एकोणिसाव्या शतकात वस्तू शोधणाऱ्यांनी या खोल्या उकरल्या आणि सापडलं ते नेलं. अडॉल्फ बँडेलियर यांनी 1884 साली घरांची पाहणी केली. संरक्षण मात्र 16 नोव्हेंबर 1907 रोजी, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या घोषणेनं मिळालं. तोवर कितीतरी हातचं गेलं होतं. जागेवरून हललेली वस्तू कोणत्या चुलीपाशी, कोणत्या खोलीत होती, हे पुन्हा कळत नाही.

तुम्ही गेलात, तर या खोल्या मनसोक्त पाहा. भिंतीला मात्र हात लावू नका आणि मक्याचं वाळकं कणीसही जागचं हलवू नका.