आज ताजं काय आहे?

कांजूरमार्ग-भांडुपच्या पट्ट्यातल्या मालवणी खानावळीत दाराशी फळा असतो. बांगडा थाळी, सुरमई थाळी, कोलंबी मसाला यांचे भाव त्यावर लिहिलेले असतात. पापलेट आणि खेकड्यापुढे मात्र आकडा नसतो, ‘साइजप्रमाणे’ एवढंच असतं. नेहमीचं गिऱ्हाईक फळ्याकडे फारसं बघत नाही. ते गल्ल्यावर विचारतं, “आज ताजं काय आहे?” आणि येईल त्या उत्तरावर जेवण ठरवतं. सुरमई खायची म्हणून आलेला माणूस बांगड्याचं तिखलं खाऊन समाधानाने बाहेर पडतो, हे इथे रोजचं आहे.

ग्रीसच्या बंदरांतल्या मासळीच्या साध्या खानावळींतही हीच रीत. तिथे गिऱ्हाईक बर्फाच्या परातीपाशी, कधी थेट मुदपाकखान्यात जाऊन मासा बघतं. निवडलेला मासा तराजूत पडतो, भाव किलोवर ठरतो आणि मासा निखाऱ्यावर जातो. वर मीठ, ऑलिव्हचं तेल, लिंबू. बाजूला काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. कांजूरला ग्रीक खानावळ नसली, तरी ग्रीसच्या कोळ्याला इथल्या मालवणी हॉटेलात परकं वाटू नये इतकं या दोन किनाऱ्यांचं जेवण जवळचं आहे.

ओळखही जुनी आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरं नावानिशी येतात. कल्याणबद्दल तो सांगतो की पूर्वी इथे रीतसर व्यापार चाले. आता मात्र चुकून इथे लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या चढाओढीची ही झळ होती. समुद्रातून कल्याणला जायच्या दोन वाटा, एक वसईच्या खाडीतून आणि दुसरी ठाण्याच्या. ही दुसरी वाट कांजूरच्या पूर्वेकडच्या खारफुटीसमोरून जाते. घाटावर कार्ल्याच्या लेण्यातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं आजही वाचता येतात. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर तर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती सापडली. टाउन हॉलच्या संग्रहालयात ती मुद्दाम पाहावी अशी आहे.

मासा कसा खावा यावर ग्रीकांनी लिहूनही ठेवलं. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात सिसिलीतल्या गेला गावचा आर्केस्ट्रॅटस नावाचा कवी कुठल्या बंदरावर कुठला मासा कुठल्या मोसमात घ्यावा, याचंच काव्य करत असे. त्याचे तुकडे अथेनिअसच्या ग्रंथामुळे टिकले. चांगल्या माशावर चीज आणि मसाल्यांचा थर चढवणाऱ्या स्वयंपाक्यांवर त्याचा फार राग. उत्तम माशाला मीठ आणि तेल पुरे, हे त्याचं म्हणणं. कोळणीही ताज्या पापलेटाबद्दल हेच सांगते: हळद, मीठ, आगळ, थोडं तिखट, आणि तव्यावर.

बोंबलाचं मात्र तसं नाही. या माशात पाणीच फार. खानावळीतला जाणता हात सकाळी बोंबील पोटाकडून उभा चिरतो, मधला काटा काढतो आणि मासा पुस्तकासारखा उघडतो. मग स्वच्छ फडक्यावर एकाशेजारी एक मांडून, वर दुसरं फडकं घालून त्यावर पाटा किंवा पाण्याने भरलेलं जड पातेलं ठेवतो. तासाभरात फडकं चिंब होतं आणि बोंबील चपटा. आलं-लसूण, मसाला, आगळ लावून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तो कडक तव्यावर सोडला, की वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा होतो. हा दाब देण्याचा वेळ ज्याने वाचवला, त्याचा बोंबील तव्यातच विरघळतो. मुंबईतली मासळीची खानावळ पारखायची असेल तर पापलेटापेक्षा बोंबील मागवावा. महागडा मासा स्वतःच्या चवीवर निभावून नेतो. बोंबलात आचाऱ्याची मेहनत लपत नाही.

ही खानावळ कांजूरला आली कामगाराच्या पाठोपाठ. रत्नागिरी, सिंधुदुर्गातले पुरुष गिरणगावात एका गाळ्यात दाटीवाटीने राहत आणि महिन्याच्या बोलीवर एखाद्या बाईकडे जेवत. या खानावळवाल्या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची दारं उघडून दिली. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर लिहिताना गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या, आता बंद झालेल्या अनंताश्रमाची आठवण सगळे काढतात आणि ती रास्तच आहे. पण नाव नसलेल्या, पाटी नसलेल्या या बायांनीच शहराला रोजचं मासे-भाताचं जेवण दिलं, हे त्या आठवणींत क्वचितच येतं.

इकडे पूर्व उपनगरांत आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने कारखाने उभे राहिले. कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स. शेजारी विक्रोळीत गोदरेज. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार उतरले आणि गिरण्या पुन्हा सावरल्या नाहीत. गिरणगावातली अनेक कुटुंबं उपनगरांत सरकली. त्यांच्याबरोबर सोलकढी आली, तिरफळं आली, एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून डंकावर मालवणी मसाला कुटून घेण्याची पद्धतही आली. पुढे कारखान्यांच्या जागी टॉवर आले, आणि आता दुपारच्या पंगतीत पवईच्या कार्यालयांतली गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलं दिसतात. बुधवार, शुक्रवार, रविवारी बाकावर जागा मिळत नाही. सोमवार, गुरुवारी हेच हॉटेल निम्मं रिकामं.

खाडी इथून जवळ. पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडला की मिठागरं आणि मग खारफुटी. 2015 मध्ये ठाणे खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये खाडीला रामसर यादीत स्थान मिळालं. या चिखलात निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी. पाण्यात बोई आणि नशीब असेल तर जिताडा. आगरी-कोळ्यांच्या घरात निवट्यांचं कालवण हा पाहुणचाराचा पदार्थ आहे. खानावळीच्या फळ्यावर मात्र निवटी जवळपास कधीच नसते. तिथला मासा भाऊच्या धक्क्यावरून आणि 1875 मध्ये बांधलेल्या ससून डॉकवरून पहाटे येतो. खाडीत शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं उतरत राहिलं आणि दारातल्या पाण्यावर शहराचा भरवसा उरला नाही. पक्ष्यांसाठी जगाने दखल घेतलेल्या खाडीची मासळी तिच्याच काठावरच्या ताटात नसावी, ही गोष्ट सलते.

मोसमाचं भानही या ताटात असायला हवं. 1 जून ते 31 जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण पावसाळा हा बऱ्याच माशांच्या विणीचा काळ. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिलपासून 14 जूनपर्यंत असल्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडचा माल इकडे येऊ शकतो. बाकी सगळं बर्फातलं. जुन्या खानावळी या दोन महिन्यांत सुकट, जवळा, सुके बोंबील काढतात. सुक्या बोंबलाचं वांगं-बटाट्यातलं कालवण आणि तांदळाची भाकरी हे पावसाळ्याचं खरं जेवण. तरीही जुलैत पापलेटच हवं म्हणून अडून बसणारी गिऱ्हाइकं वाढली आहेत.

त्या पापलेटाची अवस्था नाजूक आहे. 2023 मध्ये सरकारने रुपेरी पापलेटाला राज्य मासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिलं. पापलेटासाठी ते 135 मिलिमीटर आहे. तळहातात मावणारी पिल्लं ‘छोटं पापलेट, स्वस्त थाळी’ म्हणून विकली गेली, तर अंडी घालायला मोठी मादी उरणार कुठून, हे सातपाटीचे मच्छीमार कळवळून सांगत आले आहेत.

ग्रीसमध्ये खानावळीच्या यादीत गोठवलेल्या माशापुढे चांदणीची खूण करावी लागते. गिऱ्हाइकाला विचारावंही लागत नाही. कांजूरच्या फळ्यावर अशी खूण करायला खडूचा एक तुकडा पुरे. गल्ल्यावरचा माणूस विचारल्यावर खरं सांगतोच: “सुरमई बर्फातली आहे काका, मांदेली घ्या, सकाळी आल्यात.” नवख्या माणसालाही ते फळ्यावर वाचता आलं, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बांगडा भरपूर असताना तो बांगडाच मागेल आणि दोनशे ग्रॅमच्या पापलेटासाठी हट्ट धरणार नाही. काही खानावळवाल्यांनी बंदीच्या काळात फळ्यावरून पापलेटाची ओळ पुसायला सुरुवात केली, तर कांजूरचं गिऱ्हाईक तुटणार नाही. इथला माणूस मुळात फळा वाचून जेवणारा नाही.