गतिरोधक द्रव
गतिरोधक द्रव : मोटारगाडीच्या पेडलावरील दाब चाकांच्या गतिरोधकांपर्यंत पोहोचविणारा द्रव. व्यवहारात यास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. तथापि तो बहुधा ग्लायकॉल ईथरयुक्त असतो, तेल नव्हे. ह्या नावामुळे फसून त्यात एंजिनाचे तेल घातल्यास रबरी सील फुगून गतिरोधक निकामी होतात.

हा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट ३ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५° से. असतो, ३.७% पाणी मुरल्यावर तो १४०° से.पर्यंत उतरू शकतो. जळगाव-धुळे भागात उन्हाळी तापमान ४५° से.च्या आसपास जाते. पण खरी उष्णता घर्षणाची. चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना पेडल सतत दाबून ठेवल्यास मुरलेले पाणी नडते. द्रव उकळतो, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला टेकते. म्हणून उतारावर खालचा गिअर ठेवतात व द्रव साधारणतः दोन वर्षांनी बदलतात.

घरी बदलताना दोन माणसे लागतात. गाडी भक्कम टेकूंवर ठेवतात, नुसत्या जॅकवर नव्हे. टाकीतील जुना द्रव उपसून मोहोरबंद डब्यातील नवा भरतात. चाकाजवळील निपलला पारदर्शक नळी जोडून तिचे टोक भांड्यातील द्रवात बुडवितात. एकाने पेडल दाबावयाचे, दुसऱ्याने निपल सैल करावयाचे. ते पुन्हा आवळल्यावरच पहिल्याने पाय उचलावयाचा. हे चुकले की हवा आत शिरते. स्वच्छ, बुडबुडेरहित द्रव येईतो ही कृती चालते. दरम्यान टाकी रिकामी होऊ देत नाहीत. चाकांचा क्रम निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवतात. सांडलेला द्रव रंग खातो, तो लगेच पाण्याने धुतात. पेडल टणक लागल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेत नाहीत.